नवरात्रातला लसणाचा वास

आमच्या अमृतवेल सोसायटीत जमिनीखाली गॅस गळत होता आणि आम्ही सगळे नऊ दिवस एकमेकांच्या उपासावर संशय घेत बसलो होतो. हसू नका. तुम्ही आमच्या जागी असता तर तुम्हीही तेच केलं असतं.

दोन हजार चार सालची गोष्ट आहे. कसबा बावड्यात, साखर कारखान्याच्या अलीकडं, जिथं पूर्वी ऊस होता तिथं ही तीन मजली सोसायटी उभी राहिली आणि माझ्या मुलानं तळमजल्यावर फ्लॅट घेतला. मी गणपतराव, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला. सगळा जन्म लोकांना पुढं सरका म्हणण्यात गेल्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि सहनशक्ती कमी. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून इथंही सगळे मला मास्तरच म्हणतात.

बिल्डरनं जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलं होतं की इथं गॅस नळानं येतो. फाटकाशेजारी जाळीची एक खोली होती, तिच्यात मोठाले सिलिंडर ओळीनं उभे असायचे आणि तिथून पिवळा पाइप जमिनीखालून इमारतीत यायचा. सिलिंडरसाठी नंबर लावायची भानगड नव्हती. पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी अंबाबाईच्या दर्शनाला नेत नसू, स्वयंपाकघरात नेऊन तो नळ दाखवत असू.

आता एक गोष्ट आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती. या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून कंपनी त्यात मुद्दाम एक घाण वास मिसळते, आणि तो वास थेट कुजक्या लसणासारखा असतो.

हा वास सुटला नेमका घटस्थापनेच्या दिवशी. कोल्हापुरात नवरात्र म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. एरवी रविवार-बुधवार मटणाशिवाय न जेवणारा माणूस नऊ दिवस कांद्या-लसणाला हात लावत नाही, पायात चप्पल घालत नाही, आणि हे सगळं तो करतोय हे शेजाऱ्याला कळेल अशा बेतानं करतो. अशात जिन्यात लसणाचा भपकारा. मी पहिल्या दिवशी नाक वर करून वरच्या मजल्याकडे बघितलं. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी खाली बघितलं. माझी सून म्हणाली, "मामा, दुसऱ्या मजल्यावर चोरून फोडणी द्यायला लागल्यात. मी सांगतो तुमास्नी." दुसऱ्या मजल्यावरच्या अंबूबाई माझ्या सुनेकडं बघून नाकाला पदर लावत होत्या.

विचारायचं कुणी? नवरात्रात कुणाला तुम्ही लसूण खाल्ला का असं विचारणं म्हणजे चारचौघांत त्याचं धोतर सोडणं. चेअरमनच्या मंडळी शालूबाई मला जिन्यात थांबवून एवढंच म्हणाल्या, "मास्तर, वय झालं तुमचं. डॉक्टरनं काय खा म्हणून सांगितलं असंल तर खावा की. पर दार तरी लावून खावा." मी आयुष्यात फुकट्या प्रवाशावर इतका चिडलो नव्हतो. अष्टमीपर्यंत सोसायटीत कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, आणि जमिनीखाली गॅस निवांत पसरत होता.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी घराघरात मटण शिजलं आणि खऱ्या लसणात खोटा लसूण बुडून गेला. त्याच्या पुढच्या दिवशी मात्र भांडी घासून पालथी पडली तरी वास होताच. तेव्हा कुठं लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला, तोही चुकीच्या बाजूला.

सोसायटीच्या कंपाउंडच्या पलीकडं धोंडीराम गवळ्याचा गोठा आहे. कौलारू, बुटका, मागं गोबरगॅसची टाकी. आमच्या दूधवाल्या धोंडीरामचं सगळं जग त्या गोठ्यात आहे: बायको झुंबरबाई, म्हशी, आणि म्हशींमध्ये लवंगी. लवंगी म्हणजे बावड्याची शान. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशींना धुऊन, शिंगं रंगवून, गोंडे बांधून रस्त्यावर आणतात. मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पुढं दामटतो आणि म्हैस तिच्या मागं पळत सुटते. जिची चाल चांगली तिचं नाव होतं. त्यासाठी महिनाभर आधीपासून म्हशीला त्या आवाजाची सवय लावतात. फाट-फाट आवाज झाला, म्हैस धावत आली, की गुळाचा खडा. लवंगीला गूळ इतका आवडायचा की साधा गजर वाजला तरी ती कान टवकारायची.

चेअरमन हंबीररावांनी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली. हंबीरराव प्लॉट-बंगल्यांची दलाली करायचे आणि पुढच्या महापालिकेत उभं राहायचा त्यांचा विचार होता. नवरात्राच्या तोंडावर त्यांचा वाढदिवस झाला होता. फाटकाच्या आत त्यांचा हात जोडलेला, पुरुषभर उंचीचा फोटो असलेला फ्लेक्स अजून उभा होता आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून हंबीरराव प्रेमी मित्र मंडळ असं लिहिलं होतं. त्या फ्लेक्सकडं पाठ करून ते बोलायला उभे राहिले.

"ह्यो शेणाचा गॅस हाय," ते म्हणाले. "भितीपलीकडं टाकी, भितीअलीकडं वास. ह्यात शोधायचं काय ऱ्हायलंय? गोठा हालवा म्हणून महापालिकेत अर्ज देऊ. सगळ्यांनी सह्या करा."

"वास लसणाचा हाय," मी म्हणालो. "धोंडीरामच्या म्हशी लसूण खात न्हाईत."

"मास्तर, तुमचं दूध तितनं येतंय म्हणून बोलालाय तुम्ही."

हे खरं होतं. पण मी सही केली नाही आणि गॅस कंपनीचा माणूस येऊन बघेपर्यंत कुणी करू नये असं इतक्या मोठ्यानं म्हणालो की लोकांना ते पटलं. शेवटी असं ठरलं की कंपनीला बोलवायचं. गळती गोठ्याची निघाली तर त्याच दिवशी अर्ज जाणार.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला, तो बाई निघाली. संघप्रिया नाव, हुपरीची, पोरसवदा इंजिनिअर. स्कूटर तिनं फाटकाच्या बरीच बाहेर लावली. आत येताच तिनं सिलिंडरच्या खोलीतली मुख्य चावी बंद केली, सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले, आणि हंबीररावांच्या हातातली सिगारेट स्वतः काढून घेऊन रस्त्यापलीकडं नेऊन विझवली. मला ती तिथंच आवडली.

"वास कधीपासून येतोय?" तिनं विचारलं.

"घटस्थापनेपासनं."

"मग तेव्हाच फोन का नाही केला?"

सगळे एकमेकांच्या पायांकडं बघायला लागले. शेवटी मीच म्हणालो, "मॅडम, आमास्नी वाटलं, शेजारी लसूण खायालाय."

तिनं आम्हा सगळ्यांकडं एकदा नीट बघून घेतलं. मग तिनं पिशवीतून यंत्र काढलं.

यंत्र जेवणाच्या डब्याएवढं होतं आणि त्याला पुढं बगळ्यासारखी लांब चोच होती. ती चोच जमिनीलगत धरून चालायचं. गॅस असला की यंत्र टिकटिकतं, जास्त असला की भराभर टिकटिकतं, फारच असला की कोकलतं. संघप्रियानं आम्हाला बजावून सांगितलं की याला जळणारा कुठलाही गॅस कळतो, पण तो कुणाच्या मालकीचा आहे ते कळत नाही. हंबीररावांनी मान डोलावली आणि त्यातलं काहीही ऐकून घेतलं नाही.

ती पाइपाच्या वाटेनं फिरायला लागली. टिक. टिक. गटारापाशी टिकटिक. सिलिंडरच्या खोलीपाशी टिकटिक. भिंतीपाशी टिकटिकटिक. एवढ्यात धोंडीराम पंचगंगेवरून म्हशी धुऊन परत येत होता. लवंगी सगळ्यांत पुढं होती. तिच्या कानावर टिकटिक पडली. दरवर्षी जिला आवाज म्हणजे गूळ असं शिकवलंय, तिनं दुसरं काय करावं? ती उघड्या फाटकातून आत आली आणि यंत्राच्या चोचीला नाक लावून तिनं एक दीर्घ, समाधानी ढेकर दिला.

यंत्र कोकललं. लवंगीला वाटलं, गूळ आला. ती आणखी जवळ सरकली आणि तिनं पुन्हा ढेकर दिला. यंत्र आणखी जोरात कोकललं. संघप्रिया यंत्र डोक्यावर धरून उलट्या पावलांनी पार्किंगला फेरी मारायला लागली, लवंगी तिच्या मागं, लवंगीमागं दोर धरून घसरत धोंडीराम, आणि त्यांच्यामागं हंबीरराव ओरडत, "ह्यो बघा पुरावा. समद्यांनी बघून घ्या."

धोंडीरामनं कसंबसं म्हशीला आवरलं. संघप्रिया धापा टाकत म्हणाली, "साहेब, रवंथ करणारं कुठलंही जनावर ढेकरातून मिथेन सोडतं. यात म्हशीची चूक नाही."

"म्हंजे गॅस म्हशीतनं गळालाय," हंबीरराव म्हणाले.

"तसं नाही."

"मग ती म्हस बंद करा की."

त्या शिकलेल्या पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि पहार मागितली. मी ती आणून दिली.

मग तिनं पहारीनं पाइपाच्या वाटेवर, पाइपाला धक्का न लावता, बाजूबाजूनं बारीक भोकं पाडली. एक सिलिंडरच्या खोलीशी, एक फ्लेक्सखाली, एक गोठ्याच्या भिंतीशी, अशी इमारतीपर्यंत. प्रत्येक भोकात चोच घातली आणि प्रत्येक भोकात यंत्र कोकललं. गॅस इतके दिवस मातीत मुरला होता की आता सगळीकडं तोच होता. हे मला लगेच कळलं. एसटीत एकानं विडी पेटवली की धूर गाडीभर होतो, मग नुसतं वास घेत फिरून उपयोग नसतो. सगळ्या खिडक्या उघडून गाडी मोकळी करायची आणि मग बघायचं की धूर पुन्हा पहिल्यांदा कुठून निघतो. संघप्रिया म्हणाली, अगदी तसंच करायचं. उद्या मातीतला साठलेला गॅस ओढून काढायचं साहित्य आणते, मग पाइपात थोडा गॅस सोडू. जे भोक सर्वांत आधी भरेल, गळती त्याच्या खाली.

"गोठ्याच्या भितीचं भोक लई वरडलं की," हंबीरराव जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "अर्ज तयार ठेवतो."

गॅस बंद असल्यामुळे त्या संध्याकाळी सोसायटीनं बाहेरून मिसळ मागवली. मी दुधाला म्हणून गोठ्यावर गेलो. धोंडीराम धारेला बसला होता, पण त्याचं लक्ष नव्हतं, बादली कधीच भरून गेली होती.

"मास्तर, गोठा गेला तर आमी झुंबरच्या म्हायेरी राधानगरीकडं जायचं म्हंतोय," तो म्हणाला. "पर तितं जाऊन काय करू? तितं ज्याच्या त्याच्या दारात म्हशी. दूध काढून घालू कुणाच्या तोंडात? माझं गिऱ्हाईक समदं हितं हाय."

झुंबरबाई आतून म्हणाल्या, "अजून गेला न्हाय गोठा. तुमी आधी धार काढा."

मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. माझ्या सकाळच्या चहाचंही वाटलं, ते कशाला लपवू. मी त्याला म्हणालो की यंत्र खोटं बोलत नाही. तो म्हणाला, "यंत्र न्हाय हो, पर चेअरमन बोलतोय की."

सकाळी संघप्रिया साहित्य घेऊन आली. मला वाटलं होतं मोठं काहीतरी मशीन असेल. निघाली एक हातभर पितळी नळी. तिच्यात एका बाजूनं जोरात हवा सोडली की दुसरी बाजू खालून हवा ओढून घेते. हिला मोटार नाही, म्हणून ठिणगी पडायची भीती नाही. भोकात नळी बसवायची, मातीतला गॅस ओढायचा आणि उंच पाइपानं वर आकाशात सोडून द्यायचा. हवा मारायला कॉम्प्रेसर लागतो. तो पंक्चरच्या दुकानातून आणून लांब रस्त्यावर ठेवला आणि तिथून रबरी नळी आत ओढली. सगळं नियमाप्रमाणं होतं. फक्त पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या इंजिनाचा सायलेन्सर केव्हातरी गळून पडला होता आणि त्यानं तो परत बसवला नव्हता.

इंजिन सुरू झालं. फाट, फाट, फाट, फाट.

गोठ्यातून खुंटा उपटल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. लवंगी खुंट्यासकट आली. आधी तिनं कॉम्प्रेसरभोवती दोन चकरा मारल्या. पंक्चरवाला दुकानावर चढून बसला. तिथं गूळ नाही म्हटल्यावर ती नळीच्या मागानं आत शिरली, बायका किंचाळत जिन्यात गेल्या, आणि लवंगी बरोबर पाइपाच्या वाटेवर, दोन भोकं पोटाखाली घेऊन, आरामात बसली. संघप्रियानं तिला ढकललं. मी ढकललं. हंबीररावांनी लांबून हात वर केले. म्हैस एकदा बसली की तिला उठवणं कुणाच्या हातात नसतं.

धोंडीराम पळत आला, तसाच मागं पळाला आणि आपली जुनी राजदूत मोटारसायकल काढून रस्त्यावर उभा राहिला. सायलेन्सर तिलाही नव्हता. त्यानं मूठ पिळली. कॉम्प्रेसरपेक्षा राजदूतचा आवाज मोठा झाला तसे लवंगीचे कान तिकडं फिरले. ती उठली. धोंडीराम निघाला, लवंगी मागं निघाली, आणि दोघं कारखान्याच्या रस्त्याला लागली. थोड्या वेळानं लक्षात आलं की त्याला थांबता येत नाही. थांबला की राजदूत गप होणार आणि लवंगी कॉम्प्रेसरकडं परत वळणार. म्हणून तो फिरतच राहिला. उसाच्या बैलगाड्यांमधून फाट-फाट करत तो कारखान्याला वळसे घालत होता आणि इकडं त्याच्या गोठ्याचा निकाल लागायचा होता.

झुंबरबाई एकट्याच भिंतीशी उभ्या राहिल्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत गच्च धरलं होतं.

संघप्रियानं एकेका भोकातला गॅस ओढून काढला. चोच घालून बघितलं, यंत्र गप. पुढचं भोक, तिथंही गप. सगळी माती रिकामी झाल्यावर तिनं कॉम्प्रेसर बंद करायला लावला, जाऊन पाइपात थोडा गॅस सोडला आणि परत आली. सगळी सोसायटी भोवती गोळा झाली. ती आधी गोठ्याच्या भिंतीशी गेली आणि चोच भोकात घातली.

यंत्र गप राहिलं.

तिनं बराच वेळ धरून ठेवलं. गपच. झुंबरबाईंच्या मुठीतला पदर थोडा सैल झाला. मग ती सिलिंडरच्या खोलीशी गेली, तिथंही काही नाही. इमारतीशी काही नाही. शेवटी फ्लेक्सखाली वाकून तिनं चोच घातली आणि यंत्र असं कोकललं की दुसऱ्या मजल्यावर अंबूबाईंच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

"असं एका बारीत कळत न्हाय," हंबीरराव म्हणाले. "परत करा."

परत केलं. कॉम्प्रेसर चालू, सगळी भोकं रिकामी, कॉम्प्रेसर बंद, पुन्हा तपासणी. पुन्हा फ्लेक्सखालचं भोक. हंबीरराव म्हणाले की मॅडम गोठ्याच्या बाजूनं आहेत, यंत्र माझ्याकडं द्या. संघप्रियानं ते शांतपणे त्यांच्या हातात दिलं. तिसऱ्या वेळेला चेअरमननी स्वतः, सगळ्यांच्या देखत, गोठ्याच्या भोकात चोच घातली तर यंत्र मुकं, आणि आपल्याच फ्लेक्सखाली घातली तर ते त्यांच्या हातात थरथर कापत बोंबललं.

मुख्य चावी बंद करून मजूर लावले आणि हातानं माती उकरली. गेल्या वर्षी हंबीररावांचा फ्लेक्स वाऱ्यानं पडला होता. म्हणून या वर्षी बांबूऐवजी लोखंडी अँगल रोवला होता, आणि तो खड्डा न काढता घणानं ठोकला होता. अँगलचं टोक पिवळ्या पाइपात रुतलेलं होतं. वर फ्लेक्सवर हंबीरराव हात जोडून हसत होते.

"मी न्हाय ठोकला," खालचे हंबीरराव म्हणाले. "मंडळाच्या पोरांनी ठोकला."

"मंडळात कोण कोण हाय?" मी विचारलं.

मंडळात हंबीरराव स्वतः आणि त्यांचा मेव्हणा, एवढेच होते. फ्लेक्स उतरवायचं ठरलं तेव्हा धरायला कुणी पुढं येईना, शेवटी त्या दोघांनीच तो आडवा केला.

बऱ्याच वेळानं धोंडीराम आला. पेट्रोल संपल्यामुळे राजदूत ढकलत, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेला, मागं लवंगी. त्यानं उकरलेल्या खड्ड्याकडं बघितलं, आमच्या तोंडांकडं बघितलं आणि बायकोला विचारलं, "काय झालं? सामान भरायचं व्हय?"

झुंबरबाईंनी काही सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि त्या मोठ्यानं रडायलाच लागल्या. धोंडीरामचा चेहरा एकदम पडला. त्याला वाटलं, संपलं. मीच पुढं होऊन त्याचा खांदा धरला आणि म्हणालो, "तुझी टाकी निर्दोष हाय बाबा. गळती चेअरमनच्या वाढदिवसाची निघाली." त्यानं राजदूत भिंतीला टेकवली आणि लवंगी त्याच्या खिशात गूळ शोधायला लागली.

पाइप जोडून झाला, पण संघप्रिया म्हणाली की मातीत मुरलेला सगळा गॅस निघेपर्यंत चावी उघडायची नाही. दोन दिवस लागतील. दोन दिवस कॉम्प्रेसर फाट-फाट करत राहिला. लवंगीला त्याच्या शेजारीच बांधलं, ती अर्धवट डोळे मिटून रवंथ करत त्याच्याकडं बघत बसली. पण माणसांनी खायचं काय? पहिल्या दिवशी लोकांनी मिसळ खाल्ली, दुसऱ्या वेळेला मिसळ खाल्ली, मग पोटं बोलायला लागली.

झुंबरबाईंनी माझ्या सुनेला भिंतीवरून हाक मारली. "ए पोरी, किती दिस मिसळ खातीस? आमचा गॅस हाय की. ये घिऊन पातेलं." संघप्रियानं यंत्र फिरवून गोठ्याचा सगळा परिसर तपासला. तिथं काही नव्हतं. गोबरगॅसची शेगडी निळी, शांत जळत होती. माझी सून गेली, तिच्यामागं अंबूबाई गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत अख्खी सोसायटी पातेली घेऊन गोठ्यापुढं रांगेत उभी होती. रांग मी लावली. ते काम मला येतं.

रांगेत माणूस बोलतोच. अंबूबाई माझ्या सुनेला म्हणाल्या, "पोरी, नवरात्रात मला वाटलं तूच." सून म्हणाली, "मावशी, मलाबी वाटलं तुमीच." शालूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि माझ्या वाटणीची भाकरी स्वतः थापून दिली. मला तेवढं पुरलं.

हंबीरराव पहिल्या दिवशी आले नाहीत. भिंतीपलीकडून त्यांचं करपट ढेकर देणं तेवढं ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी शालूबाईंनी घरी काही न्यायला नकार दिला. जेवायचं असलं तर तिकडं येऊन जेवा, असं त्या म्हणाल्या. तेव्हा ते आले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसले. झुंबरबाईंनी ताटात भाकरी, पिठलं आणि मिरचीचा खर्डा वाढला, वर वाटीभर ताजं दूध ठेवलं. चेअरमननी मान खाली घालून सगळं खाल्लं.

हात धुऊन झाल्यावर ते खाकरले आणि सभेत बोलतात तशा आवाजात म्हणाले, "धोंडीराम, त्यो अर्ज मी फाडून टाकला बगा. गोठा राहू दे हितं. आमची काय हरकत न्हाय."

धोंडीराम शेगडीची चावी बारीक करत होता. त्यानं ती पुरती बंद केली आणि वळला.

"हरकत न्हाय म्हंता?"

"न्हाय."

"ह्यो गोठा माझ्या आज्यानं बांधला तवा तुमच्या बिल्डिंगीच्या जाग्यावर ऊस हुता," धोंडीराम म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "तुमची सोसायटी झाली तवा मला कुणी येऊन इचारलं न्हाय, बाबा, तुजी हरकत हाय का म्हणून."

पातेली घेऊन उभी असलेली रांग जागच्या जागी थांबली. हंबीररावांनी आधी शालूबाईंकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"मग आता इचारतो," ते हळूच म्हणाले. "आमी हितं ऱ्हायलेलं चालंल का तुमास्नी?"

धोंडीरामनं सोसायटीकडं बघितलं, रांगेकडं बघितलं, झुंबरबाईंकडं बघितलं. झुंबरबाईंनी मान डोलावली.

"ऱ्हावा," तो म्हणाला. "पर जेवलेलं भांडं घासून जावा."

चेअरमन उठले, बाह्या वर सारल्या, आणि नारळाची शेंडी मागून घेऊन ताट घासायला बसले.